पट्टे दोन की तीन

पंजाबातल्या त्या दहशतीच्या दिवसांत बंद आणि संचारबंदी यांपायी तीनदा हुकलेली आमची सहल अखेर फेब्रुवारीतल्या एका रविवारी निघाली. रोपडजवळ सतलजच्या पात्रात एक चिमुकलं राखीव बेट आहे. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) उतरतात आणि आठवड्याभरात ते हिमालयापार परतणार होते. आठ वर्षांच्या आमच्या रेवाला शाळेच्या वहीत त्यांचं चित्र काढायचं होतं. पट्टे दोन, असं ती म्हणे. तीन, असं हे म्हणत. चंदीगड सोडल्यापासून बापलेकीची जुंपली होती. निकाल लावायला ह्यांनी मित्राची दुर्बीण मागून आणली होती.

नदीकाठी, धरणाच्या बांधाजवळ, वाळूच्या पोत्यांआडून पहाऱ्यावरचा एक जवान उठला. पुऱ्यांचा डबा, थर्मास, रेवाची पिशवी, सगळं तपासून त्याने दुर्बीण तेवढी बाजूला ठेवली.

"बाँध के पास ये नहीं चलेगी, साहब. लौटते समय ले लीजिए. चार बजे तक."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. रेवा रडली नाही, पण माझा हात सोडून पुढे चालू लागली. मला त्या जवानाचा मनापासून राग आला.

आमचा मल्लाह (नावाडी) म्हणजे एक म्हातारे सरदारजी. "चुप करके बैठो जी, ओ आपे आ जाणगे," (गप्प बसा, ते आपणहून येतील) म्हणाले, आणि तिखटमिठाच्या सहा पुऱ्या संपवून त्यांनी रेवाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. उतरताना ह्यांचा एक बूट चिखलाने गिळला तो गिळलाच. इतक्यात कलकलाट करत अख्खा थवा डोक्यावरून गेला. गवतात उताणी पडून रेवा खदखदून हसत होती. पण हंस उतरले ते लांबच्या वाळूवर, नुसते करडे ठिपके.

परतलो तेव्हा जवानाच्या डोळ्यांना आमची दुर्बीण होती. त्याने ती ओशाळून खाली घेतली.

"चार महीने से इनका शोर सुन रहे हैं, बिटिया. शक्ल आज देखी."

"अंकल, पट्टियाँ कितनी हैं?"

"दो."

"पक्का?"

त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग तिला उचलून पोत्यांवर उभं केलं आणि दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली.

चार वाजून गेले होते, अंधाराआधी घर गाठायचं होतं. एरवी अशा पोत्यांपुढून आम्ही मान खाली घालून गाडी दामटायचो. त्या दिवशी ह्यांनी एका बुटानिशी हार कबूल केली आणि मी उरलेल्या पुऱ्या जवानाला दिल्या.

वहीतलं ते चित्र अजून माझ्याजवळ आहे. त्यात हंस एवढासाच आहे, दोन पट्ट्यांचा. मोठी आहे ती पोत्यांवर उभी मुलगी, आणि पडू नये म्हणून तिला मागून धरलेले खाकी बाह्यांचे हात.