दिग्रसचा नसलेला फुटबॉल क्लब

युक्रेनमधल्या एका लहानशा फुटबॉल क्लबच्या इतिहासात माझं नाव आहे. परदेशी मित्रांच्या यादीत, अध्यक्ष म्हणून. गेल्या वर्षापर्यंत मी चेंडूला पाय लावला नव्हता, हे त्या इतिहासात नाही.

लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हा मी फार हुशार होते. म्हणजे, हे मत माझं एकटीचं होतं. त्या काळी रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं मराठीतून यायची. शहाणे लोक ती पानं मुलांच्या वह्यांना कव्हर म्हणून घालत. मी ती वाचायची. युक्रेन तेव्हा सोव्हिएत संघातच; एका अंकात या क्लबची गोष्ट होती. साखर कारखान्यातल्या कामगारांनी बिटाच्या गाड्या रिकाम्या होतात त्या जागेत खांब रोवले, कैक वर्षं नुसते हरले, आणि एकदाच कप जिंकला.

मला भरून आलं. मासिकाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. 'गोष्ट आवडली' एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! 'आमच्याही गावी महिलांचा फुटबॉल क्लब असून मी त्याची अध्यक्ष आहे,' असं ठोकून दिलं. क्लबात मी एकटी. चेंडूसुद्धा नव्हता.

काही महिन्यांनी पार्सल आलं. निळं, तिकोनी, रेशमी निशाण. सोबत मासिकवाल्यांची मराठी चिठ्ठी: खेळाआधी दोन क्लब एकमेकांना निशाण देतात, तुमच्या निशाणाची ते वाट पाहतात.

शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत न पाठवणारी मी, निशाण मात्र गिळून बसले.

"हे काय व्हय, बाई?" सासूबाईंनी विचारलं.

"रशियाचा रुमाल."

त्यांनी तो रुमाल माझ्या तान्ह्या मुलाच्या दुपट्यात मधोमध शिवून टाकला. मुलाने त्याच दिवशी त्यावर आपला शिक्का उमटवला.

मागच्या उन्हाळ्यात नात बाळंतपणाला आली, बाळ झालं, तेव्हा ते दुपटं पेटीतून निघालं. तिने निशाणावरच्या परक्या अक्षरांवर भाषांतरासाठी मोबाईल धरला.

"आजी, हे तं फुटबॉल क्लबचं निशाण हाय! दुपट्यात काहून?"

"तुह्या बापाले विचार. तोच झोपत होता त्याच्यावर."

मग तिने मोबाईलवरच क्लबचा इतिहास शोधून वाचून दाखवला. सरकारं बदलली तशी क्लबाची तीन नावं बदलली, कारखाना बंद पडला, तरी खेळ चालू. आणि शेवटी: 'महिला फुटबॉल क्लब, दिग्रस, भारत.' पुढे माझं नाव.

"हसू नको, टाके उसवतील," मी म्हटलं.

हसता हसता ती पुढे वाचायला लागली आणि थांबली. तिथल्या युद्धात तोफगोळे पडून क्लबची खोली जळाली होती. कप, फोटो, निशाणं, सगळं गेलं. आपल्या जुन्या निशाणांतलं एकही त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. कुणाकडे असलं तर पाठवा, अशी विनंती होती.

नातीचा बाप, म्हणजे माझा शिक्केवाला, निवृत्त हेडमास्तर. तो म्हणाला, "माय, पाठव. पण डाग कोणाचा, ते लिहू नको."

डागाचं सोडा. माझ्या थापेचं काय लिहायचं? 'दिग्रसच्या क्लबाकडून सप्रेम' लिहिलं तर ज्यांचं सगळं जळलं त्यांनाच मी दुसऱ्यांदा फसवणार. सासूबाईंची शिवण उसवता उसवता दोन दिवस गेले. त्यांचा टाकाही त्यांच्यासारखाच, सहजी सोडत नव्हता. मग खरं ते लिहिलं: क्लब नव्हता, मी मूर्ख होते. सोबत, तेव्हा पाठवायचं राहून गेलेलं आमचं निशाणही शिवून घातलं. पांढऱ्या मांजरपाटावर कापसाचं बोंड. लांबून फुटबॉलच वाटतं.

पावसाळा सरता सरता उत्तर आलं. क्लब सांभाळणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं: 'आमचे खेळाडू आघाडीवर आहेत. सध्या क्लब म्हणजे मी एकटीच. दोन्ही निशाणं शेजारी लावली आहेत. यादीतून तुमचं नाव काढत नाही. एका बाईचाही क्लब असतो, हे आता मला ठाऊक आहे.'

नात म्हणाली, "आजी, आता तं फुटबॉल घ्याच लागते."

आणला. अंगणात अध्यक्षबाईंनी पहिली लाथ घातली. गुलाबाची कुंडी गेली. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काकू, या वयात काय करून राह्यल्या?"

"सराव," मी म्हटलं. "तू येतं का? आम्ही एकच जणी हाओत."