पुसलेल्या दोन ओळी

दुरुस्तीवाल्याने माझी जुनी हार्ड डिस्क जोडली. पडद्यावर ओळ उमटली: फाइल वाचता आली नाही.

"न वाचता आलेलं कॉम्प्युटर अंदाजाने भरत नाही का?" मी विचारलं.

"कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पुन्हा पुन्हा वाचून बघतो. नाहीच जमलं तर तसं सांगतो. मनाचं घालत नाही."

यंत्राला हे जमतं, कारण समोरच्याचा चेहरा त्याला दिसत नसावा.

आईची नजर गेल्यापासून दादाचं शेवटचं पत्र मीच तिला वाचून दाखवतो. त्यातल्या दोन ओळी पाण्याने पुसल्यात. तिथे मी कायम माझंच काहीतरी वाचत आलो.

आज तिथे थांबलो. "आई, इथलं वाचता येत नाही गं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिथे तो दर वेळी वेगळंच लिहायचा."