नांग्या भरणारे डॉक्टर

शहाद्याच्या बसस्थानकासमोर आरोग्यसेवेच्या दुरवस्थेवर मी तासभर गर्जत होतो. सभा संपल्यावर एक अनोळखी गृहस्थ पुढे आले. "भाषण चांगलं झालं आप्पा. डावा गुडघा कधीपासून दुखतोय?" डॉ. जगदीशभाईंची आणि माझी ओळख झाली ती अशी.

रुग्णाच्याच गुडघ्यातील कूर्चेचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराचा, कण काढायचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि झिजलेल्या जागी परत बसवायच्या, हे शस्त्रकर्म त्यांनी आपल्या गावात आणले. माझ्या गुडघ्यासाठी मीही हट्ट धरला. ते म्हणाले, "आप्पा, उभ्या पिकात नांगी पडली तर भरता येते. तुमचं सगळं वावरच वाहून गेलंय. तिथे रोप लावून तुम्हाला फसवू का?" नांगी म्हणजे बी न उगवल्याने रिकामी राहिलेली जागा. तो नकार मला तेव्हा झोंबला. आज मी त्याला वैद्यकातला धर्म म्हणतो.

तळोद्याचा रतिलाल डोंगरातल्या गावांना जीप चालवतो. अपघातात त्याच्या डाव्या, क्लचच्या पायाचाच गुडघा दुखावला. कूर्चेला खड्डा पडला, बाकी सांधा धड होता. पाय गेला तर जीप गेली, हे त्याला कोणी सांगायला नको होते. पेशी वाढवायला मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणार हे ऐकून तो घाबरला.

"साहेब, गुडघा मुंबईले जाई, तं मी कसावर चालसू?"

"गुडघा नही जात रे भो, बियानं जास. रोप व्हईसन परत येस."

काही आठवड्यांनी थंड पेटीतून 'रोप' आले आणि गुडघ्यात लावलेही गेले. पण टाके निघताच रतिलाल जीपवर बसला. कळताच डॉक्टर दवाखाना सोडून तळोद्याच्या थांब्यावर पोहोचले.

"रोप लावं नि लगेच वावरमा बैल सोडस का रे? चावी दे!"

चावी खिशात घालून ते तिथेच थांबले. सगळ्या जीपवाल्यांना बोलावून, रतिलालची जीप पाळीपाळीने चालवण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आणि मगच परतले. रोप रुजेपर्यंत चावी त्यांच्याच टेबलावर होती.

असे उपचार शहरातल्या खेळाडूंसाठीच असतात, असे मानणाऱ्यांना माझे सांगणे आहे: सातपुड्याचा घाट रोज चढणाऱ्या पायाची किंमत कोणत्या मैदानाहून कमी आहे?

रतिलाल आज तोच घाट चढतो. डॉक्टरांच्या साठीनिमित्त होणाऱ्या सत्काराच्या या लेखासाठी भेटलो तेव्हा म्हणाला, "लिखा आप्पा, साहेब साठ वरीसना व्हयनात, तरी रातदिन गाडी हाकतस. सत्कारना दिनले त्यासनी चावी मन्हा हातमा राही."

जगदीशभाई, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्या दिवशी चावी मुकाट्याने द्या. मागच्या सीटवर बसा. क्लच कोणत्या पायाने दाबला जातोय, तेवढे पाहा.