कुंकू लावलेलं कार्ड

वाळूजच्या एका कारखान्यात मी झाडूपोछा करते. कंप्युटरच्या सगळ्या तारा जिथं येतात ती थंड खोलीही माझ्याकडंच आहे. तिथं कपाटात एक मोठी पेटी आहे. तिच्यात कार्डं सरकवलेली असतात आणि कार्डांना तारा जोडायची भोकं. प्रत्येक शेडकडून दोन तारा येतात. ह्या दोन्ही मिळून एकच समज, असं पेटीला लिहून सांगावं लागतं. मग एक गेली तरी दुसरीवर काम चालतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. आधीच्या साहेबानं एकदा सांगितलं आणि मला कळलं. तो एक तार वरच्या कार्डात लावायचा, दुसरी खालच्या. कार्डच बिघडलं तर दोन्ही जाऊ नयेत म्हणून.

मग नवा साहेब आला. त्याला तारा गबाळ्या दिसल्या. एका रविवारी त्यानं प्रत्येक शेडच्या दोन्ही तारा शेजारी शेजारी, वरच्याच कार्डात आणल्या, निळ्या पट्ट्यांनी बांधल्या आणि फोटो काढला.

"साहेब, आधी एक वर, एक खाली असायची."

"मावशी, तुम्ही फरशी बघा. नीटनेटकं केलंय फक्त."

डब्यातलं सांडलेलं वरण टेबलावर तसंच ठेवणारा माणूस हा.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. ह्याला पेटीची पूजा करायची होती. धुळकट कार्डाला कुंकू कसं लावायचं, म्हणून ते ओढून पुसायचं ठरवलं. मला दाराबाहेर उभं केलं. विधवा बाई पूजेत नको. ह्यांच्या संडासाला माझे हात चालतात, पूजेला चालत नाहीत, आणि ही म्हणे शिकलेली माणसं.

मी दारातूनच म्हणाले, "चालू पेटीतून काढता व्हय?"

"दोन-दोन तारा आहेत मावशी. एक गेली तरी दुसरी असतेच."

त्यानं वरचं कार्ड तारांसकट अर्धं बाहेर ओढलं, पुसलं, कुंकवाचं बोट टेकवलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सगळ्या शेडमधले कंप्युटर बंद. त्यानं घाईनं कार्ड आत ढकललं, पण पेटी लगेच शुद्धीवर येत नाही. मोठे साहेब आले, मागून माझा ठेकेदार.

"मावशीच्या झाडूचा धक्का लागला सर," हा म्हणाला. तोंड वाकडं झालं नाही त्याचं.

ठेकेदारानं विचारलंसुद्धा नाही. "मावशी, उद्यापासून येऊ नका."

घरात कमावणारी मी एकटी. ह्या वयात दुसरीकडं कोण ठेवून घेतं?

मी मोठ्या साहेबांना म्हणाले, "मला ह्यांनी दाराबाहेर उभं केलतं. माझ्या हातचं कुंकू ह्यांना चालत नाय. कार्डाला कुंकू कुणी लावलं ते इचारा, मग मला काढा."

मोठ्या साहेबांनी कार्ड बघितलं. मग त्याचं लाल बोट बघितलं.

"बाहेर काढलं होतंस?"

त्यानं बोट घाईनं पँटीला पुसलं.

"मावशी उद्या येतील," मोठे साहेब ठेकेदाराला म्हणाले.

दुपारभर तो तारा सोडवत, परत वर-खाली लावत, पेटीला नव्यानं लिहून सांगत बसला. माफी मागितली नाही. मी निघताना मात्र त्यानं गोड आवाजात विचारलं, "मावशी, तिसऱ्या शेडची तार पूर्वी खाली कुठल्या भोकात होती, आठवतं का?"

मला पक्कं आठवत होतं.

"नाय," म्हणाले, आणि बस धरली.