धोकटीत मावेल तेवढंच

माझी धाकटी जाऊ डावखुरी आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत तिने डाव्या हाताने भात वाढायला घेतला आणि सासूबाईंनी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. तेव्हापासून ती वाढते उजव्या हाताने आणि बाकी सगळं करते डाव्याने. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी तिच्यासाठी न्हाव्याची हत्यारं घ्यायला निघालो, तेव्हा ते आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

धाकटे दीर मोडनिंबला दाढी-कटिंगचं दुकान चालवायचे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. दुकानाला कुलूप लागलं. घरी त्यांची दाढी जाऊच करू लागली. ते आरशात बघून हुकूम सोडायचे, "कातडी ताण. वस्तरा झोपव. झोपव म्हंतोय की." पुढेपुढे तिचा हात असा बसला, की शेजारचे म्हातारेही ओसरीवर येऊन गाल पुढे करू लागले. मग तिने जाहीर केलं, दसऱ्याला दुकान उघडायचं. जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली की अजून चौकशी करत होती, पण समोरच काचेच्या दाराचं नवीन सलून झालं होतं. दिवाळीपर्यंत ती गिऱ्हाइकं तिकडचीच झाली असती.

भावजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी मामंजींची धोकटी आणून तिच्यापुढे ठेवली. धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची चामडी पिशवी. आमच्याकडे दसऱ्याला तिची पूजा होते.

"हिच्यात मावंल तेवढंच आण," ते म्हणाले. "नवशिक्यानं जास्त घेतलं की हात शिकत न्हाय, नुसतं सामान सांभाळत बसतो."

मला ते पटलं. मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवून घेते. नवीन बाई कामावर आली की मीही तिला कात्री, टेप आणि खडू एवढंच देते.

आमच्या सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत सलूनच्या सामानाचं एक दुकान आहे. आम्हा दोघींना बघून दुकानदाराने गुलाबी पेटी उघडली. "पार्लर टाकताय जणू. हे घेऊन जावा, सगळं येतंय ह्याच्यात."

"पार्लर न्हाय," जाऊ म्हणाली. "दाढी-कटिंग."

"मालक न्हाईत आले?"

"मालक घरी हाईत. दाढी मी करणार."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? गिऱ्हाईक त्या आहेत."

मग तिने काउंटरवर धोकटी उघडून ठेवली आणि निवडायला बसली. मी आयुष्यभर बायकांना सामान घेताना पाहिलं आहे, पण असं निवडताना क्वचित. कंगवा तिने मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवला, दात टोचले ते बाजूला सारले. ब्लेड बदलायचा वस्तरा एका हाताने उघडून मिटला, कानाशी धरला आणि खीळ ढिली वाटली म्हणून परत केला. मानेवरचे केस झटकायचा ब्रश तिने स्वतःच्या मानेवर फिरवून पाहिला. तुरटीचा खडा घेतला. दुकानदाराने वायरचं मशीन दाखवलं तर म्हणाली, "चार्जिंगचं द्या. आमच्यात लाइट गेली की माणूस अर्धा भादरलेला बसंल." अंगावर टाकायचं कापड मी घेऊ दिलं नाही. ते मी शिवणार होते.

शेवटी कात्री. तिने वेणीचं टोक पुढे ओढलं आणि चार केसांवर कात्री चालवली. केस कापले गेले नाहीत, पात्यांमध्ये दुमडले. दुसरी कात्री घेतली, तेच. तिसरी, तेच.

"हात हलका पडतोय तुमचा," दुकानदार म्हणाला. "बाईमाणसाचं असंच असतंय."

तिने कात्री काउंटरवर ठेवली. मग मला हळूच म्हणाली, "आक्का, घरच्या कात्रीनं बी असंच व्हतंय. मला वाटलं तिची धार गेली असंल. माझा हातच खोटा हाय का काय?"

तेव्हा मी तिच्या हाताकडे पाहिलं. माझ्याकडे कापड बेतणारी एक बाई डावखुरी आहे. तिची कात्री वेगळी, पाती उलट बसवलेली. साधी कात्री डाव्या हातात धरली की दाबताना पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड मध्येच अडकतं. केसांचंही तेच होणार. मी दुकानदाराला म्हटलं, "हात चांगला आहे. डावी कात्री दाखवा."

त्याच्याकडे ती नव्हती. मागवायला लागेल, दसऱ्यानंतर येईल, म्हणाला.

मी म्हटलं, "मग दिवाळीत उघड दुकान."

"तोंडानं हो म्हणाले न्हाईत, पण ह्यांनी लोकांना दसरा सांगितलाय," ती म्हणाली. तिने काउंटरवरचं सामान एकदा नजरेखालून घातलं. तिन्ही कात्र्या परत सरकवल्या आणि आणखी एक मोठा कंगवा उचलला. "कंगव्यावर मशीन चालवीन. मशीनला डावं-उजवं न्हाय, वस्तऱ्यालाबी न्हाय. कात्री येईल तवा येईल." माझ्या हाताखाली किती बाया येऊन गेल्या. सुई मोडली तर दिवसभर हातावर हात धरून बसणाऱ्याच जास्त. कशावाचून भागेल हे इतक्या झटकन ठरवणारी मी हीच पाहिली.

दसऱ्याला मी कापडं शिवून मोडनिंबला गेले. दुकान झाडून, पाण्याने धुऊन घेतलं होतं. पूजेला हत्यारं मांडली तशी भावजींनी विचारलं, "कात्री कुटं हाय?"

"तुमचीच ठिवलीया की पूजेला. माझी यायची हाय."

"कात्रीबिगर दुकान? मशीननं मेंढरं भादरत्यात."

"मग बसा," ती म्हणाली. "मेंढरापासनंच सुरू करू."

नवीन हत्यार आधी घरच्याच माणसावर चालवायचं, ही त्यांच्याच वडिलांची रीत. त्यामुळे त्यांना बसावं लागलं. दारात एक निवृत्त एसटी कंडक्टर येऊन उभे होते, भावजींचं जुनं गिऱ्हाईक; सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. आत यावं की समोरच्या नवीन सलूनमध्ये जावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. जावेने कापड बांधलं. डाव्या हातात मशीन, उजव्यात कंगवा. केस वर उचलायचे, कंगव्याबाहेर येतील तेवढेच उडवायचे. घाई नाही, बोलणं नाही. कानाशी आली की मशीन बंद करून एकदा लांबून बघायची आणि पुन्हा पुढे.

झाल्यावर भावजींनी डावा हात मानेवरून उलटा, खालून वर फिरवला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मानेवरून ते शेवटी असाच हात फिरवायचे.

"कानामागं ऱ्हायलंय."

"ऱ्हायलं न्हाय, ठिवलंय. ते वस्तऱ्यानं."

तिने वस्तऱ्याने कड काढली. त्यांनी परत हात फिरवला. मग आरशातूनच दाराकडे पाहिलं आणि स्वतः खुर्चीतून उठले. "या, बसा की मास्तर. उभं का?"

कंडक्टर आत आले. "आज नुसती दाढी," म्हणाले. "केसांचं पुढच्या खेपेला बघू."

पुढच्या खेपेला त्यांनी केसही कापून घेतले.

डावी कात्री दिवाळीच्या तोंडावर आली. मीच ती घेऊन गेले. जाऊ वेणीचं टोक पुढे ओढत होती, तोवर भावजींनी हात पुढे केला. डावा, कारण तोच चालतो. त्यांनी अंगठा घातला, बोट घातलं आणि हवेत कात्री चालवली. कचकच, कचकच. आधी अडखळत, मग जरा बरी. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण जावेने ते फार वेळ बघितलं नाही.

"ती माझी हाय," ती म्हणाली. "तुमाला दुसरी मागवू. आक्का, लावा की फोन."

मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि तशीच आणखी एक कात्री पाठवायला सांगितली.

"किती डावरे हाईत हो तुमच्या घरात?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "आता दोन."