ओढ्याच्या वळणावरच्या गौरी

नोकरीपायी आलेली माणसं भोपाळच्या इंद्रपुरीत पुष्कळ. नवरा मोठ्या कारखान्यात लागला म्हणून सिंधूताईही त्यांच्यातच आल्या. कोकणातली नदी मागं राहिली आणि पुढ्यात आला वसाहतीमागचा ओढा. इथले लोक त्याला नाला म्हणतात. सिंधूताईंनी उभ्या जन्मात तसं म्हटलं नाही. नाल्यातून कुणी गौर आणत नाही.

त्यांच्या घरी खड्यांच्या गौरी. भाद्रपदात वाहत्या पाण्याच्या काठावरून पाच गुळगुळीत खडे वेचायचे आणि तोंडात पाण्याची चूळ धरून घरी आणायचे. गौरी पाटावर बसेपर्यंत ती चूळ गिळायची नाही, टाकायची नाही. म्हणजे वाटेत बोलणं आलंच नाही. तिसऱ्या दिवशी खडे त्याच पाण्यात परत. ज्याच्या लेकी मागून आणल्या त्याच्या त्याला सुखरूप पोचवाव्यात, असं सिंधूताईंची आई सांगे.

पूर्वी हे काम लेकीचं, ऋचाचं. गाल फुगवून ती पुढं चालायची आणि शेजारची पोरं तिला हसवायला बघायची. ऋचा लग्न होऊन पुण्याला गेली तसे खडे पुन्हा आईच्या ओंजळीत आले. ओढ्याकाठी वाकलं, की सिंधूताईंना एका वेळी दोन माणसं आठवत, आई आणि लेक. दोघी दूर, आणि पाणी मात्र पायाशी.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या नव्या आराखड्याची चर्चा निघाली. ओढ्यावर स्लॅब घालायचा, वर गाड्या लावायच्या. वॉर्डाच्या सभेत सिंधूताई उठून उभ्या राहिल्या.

पार्षद, म्हणजे तिथला नगरसेवक, गोड हसला. “आंटीजी, बदबू जाएगी, मच्छर जाएँगे. और क्या चाहिए?”

“बदबू पानी की नहीं है भैया, उसमें छोड़े हुए गटर की है. गटर मोड़ो. पानी को क्यों गाड़ते हो? बारिश में आनंद नगर की तरफ का सारा पानी यहीं उतरता है. कल घरों में घुसेगा.” मग म्हणाल्या, “और हमारी गौरी यहीं से आती है.”

“गौरी?”

“पाँच कंकड़.”

“बस? एक ट्रक भिजवा देता हूँ!”

सभा खो-खो हसली. सिंधूताईही हसल्या, पण बसल्या नाहीत. “खदान की गिट्टी भेजोगे. पानी का घिसा हुआ कहाँ से लाओगे?”

त्यानंतर त्या दर सभेला गेल्या. नवरा, श्रीकांतराव, म्हणायचे, “अगं, माझ्याशी वर्षात इतकं बोलली नाहीस!” शेवटी पार्षद कंटाळला. पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांना जागेवर आणतो म्हणाला, तिथले लोक बोलतील तेच लिहिलं जाईल.

आणि साहेब आले ते नेमके गौरी आणायच्या दिवशी. सिंधूताई काठावर उभ्या, ओंजळीत खडे, तोंडात चूळ. जीप थांबली. तरुण इंजिनिअर उतरला, मागून पार्षद.

“यहाँ किसी को एतराज़ है?” इंजिनिअरनं विचारलं.

दुसरं कुणीच नव्हतं. झाकू नका, अशा अर्थी सिंधूताईंनी जोरजोरानं आडवी मान हलवली.

“देखिए साहब,” पार्षद म्हणाला, “मना कर रही हैं. इनको भी एतराज़ नहीं. साल भर बोलती रहीं, आज चुप हैं.”

इंजिनिअर जीपकडं वळला. सिंधूताईंनी ओंजळीत पाहिलं. आईच्या, सासूच्या, ऋचाच्या हातून हे मौन कधी मोडलं नव्हतं. पण ओढाच गेला तर पुढल्या साली कुणासाठी गप्प राहायचं? त्यांनी मान वळवून चूळ टाकली.

“एतराज़ है!” त्यांचा आवाज चिरकला. “साहब, इसको ढको मत. ये बहता है.”

इंजिनिअर परत आला. उकिडवा बसून त्यानं पाण्यात हात घातला, वरच्या बाजूला उघडं गटर होतं तिकडं पाहिलं. मग म्हणाला, “मोड़ तक तो काम पास हो चुका है. मोड़ के आगे खुला रखवा दूँगा.”

सिंधूताईंनी एकेक करून खडे पाण्यात सोडले. रिकाम्या हातानं घरी गेल्या, नव्यानं चूळ भरली आणि पुन्हा ओढ्यावर आल्या.

इंजिनिअरनं शब्द पाळला. वळणापर्यंत स्लॅब पडला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. वळणापुढं ओढा उघडा राहिला, गटर वळवलं गेलं, काठावर करंजाची रोपं लागली. आणि कुणी कचरा टाकू नये म्हणून दोन्ही काठांनी पुरुषभर उंचीची जाळी आली, फाटकाला कुलूप आलं.

यंदाच्या भाद्रपदात सिंधूताई चूळ भरून तिथं पोचल्या, तेव्हा कुलूप लागलेलंच होतं. जाळीपलीकडं पाणी इतकं नितळ, की तळचा एकेक खडा ओळखू यावा. त्यांनी हात आत घातला. बांगड्या जाळीला अडल्या. किल्ली वॉर्डाच्या ऑफिसात, आणि ऑफिस अजून उघडायचं होतं.

लेकीला न्यायला आलेली आई तिच्या सासरच्या बंद दारापुढं उभी राहावी, तशा त्या मुकाट उभ्या राहिल्या.