राणीच्या गालावरचे चरे

जोसेफकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्याला लेकीकडे होते. बेने इस्रायली ज्यूंच्या घरात मयत फार वेळ ठेवत नाहीत. मी करंजाड्याला घरी पोहोचले तोवर दफन आटोपलं होतं. समोरच्या फ्लॅटचं दार नेहमीसारखं उघडं होतं... आत काका नव्हते.

बँकेतून निवृत्त झालेल्या या माणसाला एकच वेड, इंग्रजांच्या काळातली सोन्याची नाणी. नाणी मोजकीच, पण एकेकाचं वर्णन कार्डावर उतरवायला महिना घ्यायचे. वजन, कडा, झीज, कुठे ओरखडा. मी चिडवायचे, "काका, मुलगी दाखवताय की नाणं?" ते म्हणायचे, "खोटं लिहायचं नाही, नीला. त्या बिचाऱ्याला उलट बोलता येत नाही."

सगळ्यांत लाडकी होती आपटा गावच्या त्यांच्या आजीची, व्हिक्टोरिया राणीची मोहोर. इतरांनी अशा मोहरांना कडी लावून गळ्यात घातल्या. आजीने ही पेटीतच जपली, म्हणून कोरी राहिली. दर दिवाळीला काका ती आमच्या लक्ष्मीपूजनाला स्वतः आणून द्यायचे. तीन वर्षांपूर्वी मला शहाणपण सुचलं. कुंकवाचा डाग जाईना म्हणून दंतमंजन घेतलं, देवाची भांडी घासायचा ब्रश घेतला आणि मोहोर लखलखीत केली. काकांनी भिंग लावलं. मग ते खाली ठेवून म्हणाले, "छान चमकते आहे." जुनं नाणं कधी घासायचं नसतं, हे मला नंतर कळलं. पुढच्या दिवाळीला मी मोहोर मागितली नाही, त्यांनी आणली नाही. संध्याकाळचा चहा चालू राहिला, माफी मागायची तेवढी राहून गेली.

इस्रायलहून आलेली त्यांची मुलगी रूथ परवा नाणी आवरत होती. तिने एक कार्ड माझ्यापुढे धरलं. काकांचंच अक्षर. "राणीच्या गालावर बारीक चरे. ब्रशने घासल्यामुळे. चूक माझी."

"नीलाताई, पप्पा नाण्याला ब्रश लावतील? तुम्हाला तरी पटतं का?"

"वय झालं होतं गं त्यांचं," मी म्हणाले.

रूथ गेली. मोहोर गेली, कार्डही गेलं. काकांनी आयुष्यात एकच खोटं वर्णन लिहिलं, तेही माझ्यासाठी, आणि मी त्यांनाच म्हातारचळ लागल्याचं ठरवून मोकळी झाले. लाज वाटते. या लेखाचं कात्रण रूथला पाठवणार आहे. रूथ, कार्डावर दुरुस्ती कर: चरे समोरच्या नीलाने पाडले.

तो ब्रश अजून ओट्याखाली आहे. परवापासून देवाची भांडी तशीच पडली आहेत.